एक्स-रे डिटेक्टरची चित्रं: प्रोसेसिंगला बसण्याआधी फाइल वाचायची कशी

बेळगावात बसून क्रिस्टलोग्राफी (क्रिस्टलवर एक्स-रे टाकून रेणूची घडण काढणं) करायची तर डेटा बाहेरगावाहूनच येणार. कधी इंदूरच्या इंडस-२ वरून, कधी इटलीतल्या इलेट्रावरून (दोन्ही सिंक्रोट्रॉन, म्हणजे जोरदार एक्स-रे देणारी मोठी यंत्रं), नाहीतर कुठल्यातरी प्रयोगशाळेतल्या मशीनवरून, "सगळं घातलंय बघ यात" म्हणून हातात ठेवलेल्या डिस्कवर. क्रिस्टल आपण पाहिलेला नसतो, डिटेक्टर पाहिलेला नसतो आणि ज्यानं रात्रपाळीला बसून चित्रं घेतली तो फोन उचलत नसतो. हाती उरतात फक्त फाइली. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं अशी डिस्क घेऊन येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, एक्सडीएस चालवू की डायल्स?" (दोन्ही चित्रांवरचे ठिपके मोजणारे प्रोग्रॅम.) माझं उत्तरही ठरलेलं: आधी फाइल उघड की, मग बघू.

या 'आधी'ला तासभर द्यावा लागतो. तो वाचवायला गेलं की पुढे आठवडा जातो, हे मी स्वतः भोगलं आहे. ती गोष्ट पुढे येईल. इथे कमांड आणि हेडरमधले (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतले) शब्द देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायचे.

डिस्क लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत

मूळ फाइलींना हात लावायचा नाही. त्यांची नावं बदलायची नाहीत, त्या कन्व्हर्ट करायच्या नाहीत, 'जरा नीट लावून ठेवतो' म्हणून वेगवेगळ्या फोल्डरांतही टाकायच्या नाहीत. आरसिंक वापरून पूर्ण फोल्डर कॉपी करा आणि दोन्हीकडे एमडीफाइव्हसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) काढून जुळवा. पावसाळ्यात आमच्याकडे करंट जाणं नवलाचं नाही. साध्या पद्धतीनं कॉपी चालू असताना करंट गेला तर शेवटची फाइल अर्धवट राहते, आणि तिचं नाव मात्र पूर्ण दिसतं.

मग फाइली मोजा. क्रिस्टल १८० अंश फिरवून दर चित्राला ०.१ अंश घेतला असेल तर १,८०० चित्रं हवीत. १,७९९ असतील तर कुठली नाही ते आत्ताच शोधा. सगळ्या फाइलींचे आकार एका नजरेत पाहा. दाबून न साठवलेल्या फॉर्मॅटमध्ये सगळ्या फाइली बाइटगणिक सारख्या असायला हव्यात. एखादी छोटी दिसली तर ती तुटलेली आहे.

डिस्क कशी फॉर्मॅट केली आहे तेही पाहून घ्या. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, त्यामुळे बरीच चित्रं एकत्र ठेवणाऱ्या मोठ्या एचडीएफ-५ फाइली जुन्या पेनड्राइव्हवर येतच नाहीत. आणि हो, फोल्डरचं नाव 'नवीन फोल्डर (२)' असं ठेवू नका. एक्सडीएसच्या जुन्या आवृत्त्यांना ५० अक्षरांपेक्षा लांब पाथ चालत नसे आणि नावातली मोकळी जागा अजूनही कुठे ना कुठे अडते. लांब पाथसाठी सिम्बॉलिक लिंक करून 'आयएमजी' असं छोटं नाव देणं हा जुना आणि बिनधोक उपाय.

ही फाइल नक्की कुठल्या जातीची?

एक्स्टेंशनवर विश्वास ठेवू नका. 'डॉट आयएमजी' हे नाव किमान तीन-चार वेगवेगळ्या डिटेक्टरांच्या फाइलींना असतं. फाइलचे पहिले शे-दोनशे बाइट टर्मिनलवर काढून पाहा, ओळख तिथेच पटते.

महिरपी कंसानं सुरुवात आणि लगेच 'हेडर बाइट्स' दिसलं तर एसएमव्ही, म्हणजे एडीएससी कंपनीच्या सीसीडी डिटेक्टरचा आणि त्याच्या भावंडांचा फॉर्मॅट. 'सीबीएफ व्हर्जन' दिसलं तर क्रिस्टलोग्राफिक बायनरी फाइल. पिलाटस डिटेक्टर असेल तर बहुधा हीच. 'एचडीएफ' ही तीन अक्षरं दिसली तर एचडीएफ-५, म्हणजे आयगर किंवा त्याच्या पिढीतला डिटेक्टर. 'फॉरमॅट' आणि पुढे विसर्गासारखं चिन्ह दिसलं तर ब्रुकरची एसफ्रेम. टिफसारखी सुरुवात झाली तर मारसीसीडी किंवा रेयॉनिक्स.

आकारही बोलतो. एडीएससीच्या क्यू-३१५ चं बिन केलेलं (शेजारचे पिक्सेल एकत्र जोडलेलं) चित्र ३०७२ गुणिले ३०७२ पिक्सेलचं. दर पिक्सेलला २ बाइट, वर ५१२ बाइटांचा हेडर: एकूण १,८८,७४,८८० बाइट. मारसीसीडी २२५ मध्येही पिक्सेल तेवढेच, पण हेडर ४,०९६ बाइटांचा, म्हणून १,८८,७८,४६४. हे दोन आकडे मला पाठ झाले आहेत, फाइल न उघडताच कळतं. मार-३४५ इमेज प्लेटच्या नावातच हिशेब असतो: 'मार२३००' म्हणजे २३०० पिक्सेल, ०.१५ मिमीचा एकेक. 'मार३४५०' म्हणजे ३४५० पिक्सेल, ०.१० मिमीचा. दोन्हीकडे गुणाकार ३४५ मिमी.

पंचवीस की इप्पत्तैदु

बाइट-ऑर्डर समजावताना सगळीकडची मुलं अडखळतात, आमच्या भागातली नाही. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी, वीस नंतर. शेजारचा कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणतो, वीस आधी, पाच नंतर. संख्या तीच, लहान तुकडा आधी की मोठा, एवढाच फरक. बाजारात आपण दोन्ही ऐकतो आणि गोंधळत नाही, कारण कोण कुठल्या भाषेत बोलतोय ते माहीत असतं. कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं. लहान बाइट आधी म्हणजे लिटल एंडियन, मोठा आधी म्हणजे बिग एंडियन.

चुकीचं सांगितलं तर काय होतं ते हातानं करून पाहा. दोन बाइटांत लिहिलेला १० उलटा वाचला की २,५६० होतो, आणि २५८ चा ५१३. पार्श्वभूमी सगळी खडबडीत, टीव्हीवर मुंग्या याव्यात तशी दिसते. चित्र उघडलं आणि क्रिस्टलनं विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांऐवजी अशा मुंग्या दिसल्या, तर पहिला संशय इथे घ्या. एसएमव्ही हेडरमध्ये 'बाइट ऑर्डर' स्पष्ट लिहिलेली असते. मार-३४५ वाल्यांनी वेगळी युक्ती केली: फाइलचा पहिलाच आकडा १२३४ ठेवला. तो १२३४ वाचला गेला तर ठीक. साडेतीन अब्जांच्या घरातलं किंवा ऋण काही आलं तर बाइट उलटे.

हेडरमधले पाच आकडे

हेडर वाचताना मला पाचच गोष्टी हव्या असतात: तरंगलांबी, डिटेक्टरचं अंतर, पिक्सेलचा आकार, बीमचं केंद्र (सरळ किरण डिटेक्टरवर पडतो ती जागा) आणि फिरवण्याचा अंश (सुरुवात व दर चित्राची वाढ). हे कागदावर लिहून काढायचे आणि लॉगबुकशी ताडायचे. लॉगबुक नसेल तर ज्यानं चित्रं घेतली त्याला लगेच विचारायचं. महिन्याभरानं त्यालाही आठवणार नाही.

एककं सांभाळा. एसएमव्हीत अंतर मिलिमीटरमध्ये, पिलाटसच्या सीबीएफमध्ये आणि एचडीएफ-५ मध्ये मीटरमध्ये, आणि एक्सडीएसला द्यायचं ते मिलिमीटरमध्ये. ०.२ च्या जागी २०० द्यायचं राहून गेलं, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. तरंगलांबीऐवजी ऊर्जा दिली असेल तर १२.३९८ ला किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टनं भागा: १२.६६ ची ऊर्जा म्हणजे ०.९७९३ अँगस्ट्रॉम. प्रयोगशाळेतलं तांब्याचं मशीन असेल तर १.५४१८, मॉलिब्डेनमचं असेल तर ०.७१०७. यापेक्षा वेगळा आकडा दिसला की थांबा.

बीमच्या केंद्राला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. पिलाटसच्या हेडरमध्ये ते पिक्सेलमध्ये असतं, एसएमव्हीत मिलिमीटरमध्ये, आणि तिथला 'एक्स' म्हणजे आडवी दिशा की उभी, हे बीमलाइनगणिक (सिंक्रोट्रॉनवरच्या प्रयोगाच्या जागेगणिक) बदलतं. समजा हेडर म्हणतो एक्स १५५.२, वाय १५९.८. दोन्ही आकडे डिटेक्टरच्या मध्याजवळचे, त्यामुळे अदलाबदल झाली तरी डोळ्याला काही खटकत नाही. पण फरक ४.६ मिमीचा आहे, ०.१०२६ मिमीच्या पिक्सेलनं भागलं तर ४५ पिक्सेल. आता लायसोझाइम या प्रोटीनचा क्रिस्टल घ्या, सेलची (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या घराची) लांब बाजू ७९ अँगस्ट्रॉम. २०० मिमी अंतरावर, ०.९८ च्या तरंगलांबीला दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण ०.९८ गुणिले २०० भागिले ७९, म्हणजे २.५ मिमी. तुमची चूक ठिपक्यांच्या जवळजवळ दोन घरांएवढी आहे. प्रोग्रॅम इंडेक्सिंग (ठिपक्यांना नंबर देणं) करेलही, सेलही बरोबर काढेल, फक्त प्रत्येक ठिपक्याला शेजाऱ्याचा नंबर देईल. मग सिमेट्री जुळत नाही, आर-मर्ज (सारख्या असायला हव्यात अशा ठिपक्यांमधली तफावत) ५० टक्क्यांच्या वर जातो आणि दोष क्रिस्टलवर येतो. बिचारा क्रिस्टल.

बर्फाची फुकटची मोजपट्टी

हेडर खरं बोलतो की नाही ते तपासायला चित्रातलीच एखादी खूण धरावी. थंड केलेल्या क्रिस्टलवर थोडा बर्फ धरलेला असतो आणि त्याची वर्तुळं ठरलेल्या जागी येतात: ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला. एरवी आपण या वर्तुळांना शिव्या घालतो, इथे ती देवासारखी धावून येतात.

डायल्सचा इमेज व्ह्यूअर किंवा एडीएक्सव्ही उघडा आणि ३.६७ चं वर्तुळ काढायला सांगा. ते बर्फाच्या वर्तुळावर चारही बाजूंनी बसलं तर केंद्र आणि अंतर दोन्ही बरोबर. एका बाजूला आत आणि समोरच्या बाजूला बाहेर गेलं तर केंद्र चुकलं. सगळीकडून सारखंच आत किंवा बाहेर असेल तर अंतर किंवा तरंगलांबी चुकली. हातानं पडताळायचं असेल तर ०.९७९३ तरंगलांबी आणि २०० मिमी अंतराला या वर्तुळाची त्रिज्या ५४.८ मिमी येते, म्हणजे वरच्या ०.१०२६ मिमी पिक्सेलच्या डिटेक्टरवर ५३४-५३५ पिक्सेल. बर्फ नसेल तर बीमस्टॉपच्या (सरळ येणारा किरण अडवणाऱ्या तुकड्याच्या) सावलीवरून अंदाज घ्या, पण सावलीचा मध्य आणि बीमचा मध्य एकच असेल याची खात्री नसते.

पिलाटस: दाबलेले आकडे आणि ऋण पिक्सेल

पिलाटस ६एम मध्ये २४६३ गुणिले २५२७ पिक्सेल, म्हणजे ६२ लाखांवर. प्रत्येकाला ४ बाइट दिले तर चित्र २५ एमबीचं होईल, पण फाइल साधारण ६ एमबीचीच असते. दाबायची पद्धत इतकी साधी आहे की एकदा कागदावर करून पाहावी. पिक्सेलची किंमत लिहायचीच नाही, आधीच्या पिक्सेलशी फरक लिहायचा. ३, ५, ४ हे पिक्सेल ३, २, उणे १ असे लिहिले जातात, एकेका बाइटात. पुढचा पिक्सेल ३०० असेल तर फरक २९६, तो एका बाइटात मावत नाही. मग १२८ हा खुणेचा बाइट टाकायचा आणि पुढच्या दोन बाइटांत फरक लिहायचा. पार्श्वभूमीचे पिक्सेल शेजाऱ्यांसारखेच असतात, म्हणून जवळजवळ सगळं काम एकेका बाइटात भागतं.

याचा तोटाही लक्षात घ्या. मधला एक बाइट बिघडला की तिथून पुढचे सगळे पिक्सेल सरकतात. चित्राचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली एकाएकी उजळ पट्टा दिसला, तर कॉपी करताना फाइल बिघडली असं समजा; हेडरमध्ये एमडीफाइव्ह दिलेला असतो, त्याच्याशी ताडा.

डिटेक्टर ज्या तुकड्यांचा बनतो त्या मॉड्यूलांमधल्या फटींतल्या पिक्सेलना उणे १ आणि खराब पिक्सेलना उणे २ ही किंमत असते. ही मोजलेली संख्या नव्हे, 'इथे काही नाही' अशी पाटी आहे. म्हणून एक्सडीएसमध्ये 'मिनिमम व्हॅलिड पिक्सेल व्हॅल्यू' ० ठेवतात. सेन्सरची जाडीही हेडरमध्ये असते, बहुतेकदा ०.३२ मिमी, ती द्यायला विसरू नका, नाहीतर तिरप्या किरणांची जागा किंचित चुकते.

आयगर: मास्टर आणि त्याची पिल्लं

आयगर १६एम चं चित्र १ कोटी ८१ लाख पिक्सेलचं, प्रत्येक पिक्सेल ७५ मायक्रॉनचा. एवढी चित्रं सुटी ठेवणं परवडत नाही, म्हणून ती गठ्ठ्यांनी डेटा फाइलींत जातात आणि सगळी माहिती एका मास्टर फाइलमध्ये. मास्टरच्या आत डेटा फाइलींची नावं लिहिलेली असतात. तुम्ही 'लायसो_टेस्ट' चं 'फायनल' केलंत की मास्टर जुन्या नावानं हाका मारत बसतो आणि कोणी ओ देत नाही. मुलं मास्टर तेवढा ईमेलनं पाठवतात तेव्हाही हेच. काही एमबीच्या मास्टरमध्ये चित्रं नसतात हो!

आत काय आहे ते एचफाइव्हएलएस किंवा एचडीएफव्ह्यूनं बघा. 'एंट्री'खाली 'इन्स्ट्रुमेंट', त्याखाली 'डिटेक्टर' आणि 'बीम'. वरचे पाच आकडे बहुतेक तिथेच, कोन मात्र 'सॅम्पल'खाली गोनिओमीटरमध्ये (क्रिस्टल फिरवणारं उपकरण). पिक्सेल बहुतेकदा बिटशफल-एलझेड४ नं दाबलेले असतात, म्हणून साधी एचडीएफ लायब्ररी ते उघडत नाही, फिल्टर ३२००८ नाही म्हणून तक्रार करते. पायथॉनमध्ये एचडीएफ५प्लगइन टाकलं की प्रश्न सुटतो. एक्सडीएसला मात्र 'लिब' या ओळीत नेगिया किंवा ड्युरिन प्लगइनचा पाथ द्यावा लागतो, आणि टेम्प्लेटमध्ये (फाइलींच्या नावाच्या साच्यात) 'मास्टर' या शब्दाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं. मास्टर या शब्दात रोमनची सहा अक्षरं, म्हणून सहा. पहिल्यांदा हे कुणालाच सुचत नाही.

छोट्या रेणूंची मंडळी

औषधाचे किंवा धातूच्या कॉम्प्लेक्सचे क्रिस्टल करणाऱ्यांना बहुधा ब्रुकरच्या एसफ्रेम मिळतात. हेडर ८० अक्षरांच्या ९६ ओळींचा, एकूण ७,६८० बाइट, साध्या एडिटरमध्येही वाचता येतो. यात बरेचदा दर पिक्सेलला एकच बाइट असतो. २५५ च्या वरचे पिक्सेल फाइलच्या शेवटी वेगळ्या तक्त्यात. म्हणजे तुमचे सगळ्यांत तेजस्वी ठिपके फाइलच्या शेपटीत राहतात. शेपूट तुटली तरी चित्र उघडतं, छान दिसतं, आणि जोरदार ठिपके मात्र सपाट झालेले असतात.

कन्व्हर्ट करण्याचा मोह

आता ती गोष्ट. एका ठिकाणाहून आमच्याकडे डेटा आला तो 'तुमच्या सोयीसाठी' आयएमजीमध्ये बदलून. मूळ फाइली त्यांनी ठेवल्या नव्हत्या. इंडेक्सिंग होईना; एक्सडीएस सारखं सांगत होतं की ५० टक्क्यांपेक्षा कमी ठिपके इंडेक्स झाले. मी फिरण्याच्या अक्षाचं चिन्ह उलटं केलं, १ ० ० च्या जागी उणे १ ० ०, आणि सगळं लोण्यासारखं सरकलं. मी खूश. रेणू कायरल (डाव्या-उजव्या हातासारखा, आरशातल्या रूपाहून वेगळा) होता, त्याची घडण रसायनातून माहीत होती, आणि शेवटी फ्लॅक पॅरामीटर (हात बरोबर असेल तर ० येणारा आकडा) आला जवळजवळ १. म्हणजे रेणू आरशातला.

झालं होतं ते असं: कन्व्हर्ट करताना ओळी उलट्या क्रमानं लिहिल्या गेल्या, चित्र वरचं खाली झालं. अक्ष आडवा असताना चित्र असं उलटलं की फिरण्याची दिशाही उलटी भासते. चिन्ह बदलून मी चूक दुरुस्त केली नव्हती, झाकली होती. आठवडा गेला. म्हणून अक्षाचं चिन्ह बदलून काम चाललं, तर आनंद मानण्याआधी चित्राची दिशा तपासा. बीमस्टॉपचा दांडा खऱ्या डिटेक्टरवर कुठल्या बाजूनं येतो ते विचारा आणि चित्रात पाहा. प्रोटीनवाल्यांनी त्याच बीमलाइनवरचा लायसोझाइमचा डेटा मागावा. त्यात १० सल्फर असतात. अनॉमलस नकाशात (सल्फरसारखे अणू उठून दिसतात त्या) त्यांच्या जागी शिखरांऐवजी खड्डे आले तर हात उलटा झाला आहे.

कन्व्हर्ट करणं टाळता येत नसेल तर ३२ बिटांचं १६ बिटांत कोंबू नका, ६५,५३५ च्या वरचं सगळं कापलं जातं. बऱ्याचदा गरजच नसते. एक्सडीएस जीझिप आणि बीझिप२ केलेली चित्रं तशीच वाचतं, टेम्प्लेटमध्ये ते शेवटचं एक्स्टेंशन लिहायचं नाही, बस.

आता प्रोग्रॅम चालवा

डायल्समध्ये 'डायल्स डॉट इम्पोर्ट' फाइलच्या आतलं वाचून फॉर्मॅट स्वतः ओळखतं. त्यानंतर 'डायल्स डॉट शो इम्पोर्टेड डॉट एक्सप्ट' चालवून कागदावरचे पाच आकडे पुन्हा ताडा. चुकले असतील तर इम्पोर्टच्याच वेळी द्या: केंद्रासाठी 'फास्ट स्लो बीम सेंटर', अक्षासाठी 'इन्व्हर्ट रोटेशन ॲक्सिस'. फाइल खरडून हेडर बदलू नका.

एक्सडीएस भूमितीसाठी हेडरकडे बघत नाही. सगळं तुम्हीच इनपुट फाइलमध्ये लिहायचं. 'जनरेट एक्सडीएस डॉट आयएनपी' ही स्क्रिप्ट हेडरवरून ते भरून देते, पण हेडर चुकला असेल तर चूकही इमानेइतबारे भरते. डिटेक्टरचं नावही नीट द्या: मारसीसीडीला तिथे 'सीसीडीचेस' म्हणतात.

आधी पूर्ण १,८०० चित्रं घेऊ नका. पहिली दहा-वीस आणि ९० अंशांनंतरची दहा-वीस घेऊन इंडेक्स करा. दोन्हीकडून सेल एकच आला तर अक्ष, अंश आणि क्रमांक जुळले. मग इंटिग्रेशननंतरची (ठिपक्यांची तीव्रता मोजून झाल्यावरची) 'फ्रेम डॉट सीबीएफ' उघडा आणि भाकीत केलेली वर्तुळं खऱ्या ठिपक्यांवर बसली का ते कोपऱ्यांतही झूम करून पाहा. मधोमध सगळंच बसतं.

काम झालं की मूळ फाइली, एमडीफाइव्हची यादी आणि एक साधी टेक्स्ट फाइल एकत्र ठेवा. त्या टेक्स्ट फाइलमध्ये ते पाच आकडे, अक्षाचं चिन्ह आणि हेडरमध्ये काय चुकीचं निघालं ते लिहा. तारीख घाला. डिस्कवर चिठ्ठी चिकटवाल तर शाईच्या पेनानं नको, आमच्याकडच्या पावसाळी ओलीत दोन वर्षांत ती वाचता येत नाही.